बुंध्यापाशी मशीन बंद

पंधरा ऑगस्टच्या आदल्या आठवड्यात रबाळ्यात सकाळी झोपमोड कशाने होते, हे इथल्या कुणालाही विचारा. गवत कापायच्या मशीनने. झेंडावंदनाला सोसायटीचं आवार चकाचक दिसलं पाहिजे, पाठोपाठ गणपती, मांडवाला जागा मोकळी हवी. त्यामुळे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना, इकडे सोसायट्यांत आणि तिकडे एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या कुंपणाकडेने, ती घरघर सुरू होते. इथल्या पावसात गवत गुडघ्याला लागायला वेळ लागत नाही. एवढं गवत विळ्याने उरकणार नाही, आणि आत विंचूकाटा असताना माळ्याला वाकून बस म्हणणंही बरं नव्हे. तेव्हा मशीन हवंच. माझं भांडण आहे ते मशीन झाडाच्या किती जवळ न्यायचं यावरून.

वनमहोत्सवात फोटो काढून लावलेली रोपं आता कशी आहेत, ते एकदा फिरून बघा. शेंडा नको, बुंधा बघा. जमिनीपासून चार बोटांवर साल सोललेली दिसेल, आत पांढुरकं लाकूड उघडं पडलेलं. ही नायलॉनच्या दोरीची करामत. मशीनच्या टोकाला असलेली ती दोरी मिनिटाला हजारो फेरे घेते. गवताच्या काडीला जे होतं तेच रोपाच्या कोवळ्या सालीला होतं. माळी बुंध्याभोवती गोल फिरवतो, कारण गवत बुंध्याभोवतीच माजलेलं असतं, आणि जखमही गोल होते.

पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या पातळ थरातून मुळांकडे उतरतं. तो थर चहूबाजूंनी कापला गेला की मुळं उपाशी राहतात. पण पाणी लाकडातून वर चढतच असतं, म्हणून पानं आणखी काही आठवडे हिरवी दिसतात. पावसाळा सरतो, रोप वाळतं, आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये ठपका बसतो वॉचमनवर, की पाणी घातलं नाही. आमच्या भागातली किती रोपं पाण्यावाचून मेली आणि किती या दोरीने, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. माझा कौल दोरीकडे आहे.

माळ्याला बोलून उपयोग नाही. मी एकाला म्हटलं, दादा, झाडापाशी जरा खुरपं घ्या की. तो म्हणाला, ‘‘ताई, खुरपं घेतो, पण मला दुपारपर्यंत अजून दोन सोसायट्या उरकायच्यात. तुमच्या सेक्रेटरींना सांगा तेवढं.’’ त्याचं चुकीचं नव्हतं. कंत्राट ‘आवारातले गवत कापणे’ एवढंच असतं. त्यात बुंध्याभोवतीच्या दीड फुटाचं काम वेगळं लिहिलं आणि त्याचे पैसे वेगळे धरले, तर खुरपं आपोआप पिशवीतून बाहेर येईल.

तो दीड फूट एकदा हाताने स्वच्छ केला की त्यावर वाळका पाला पसरावा, तीन-चार बोटं जाड. खाली तण उगवत नाही, मग मशीन तिथे न्यायची वेळच येत नाही. फक्त पाला खोडाला टेकवू नये, तळहाताएवढी जागा सोडावी, नाहीतर आपल्या पावसात साल कुजते. ज्यांना माळ्याचा भरवसाच नाही, त्यांनी प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घ्यावा, उभा चिरावा आणि बुंध्याला सैल घालावा. खोड जाड झालं की काढायला मात्र विसरू नये. रस्त्याकडेच्या झाडांनी गिळलेले लोखंडी गार्ड आपण सगळ्यांनी पाहिलेत.

तणनाशक मारून मोकळे होऊ, असं सुचवणारा एक जण प्रत्येक कमिटीत असतो. रोपाची साल हिरवी असते तोवर तीही औषध शोषते, एवढं त्याला सांगावं. कोबा करून टाकू, म्हणणारा दुसरा. त्याला दिल्लीचं उदाहरण द्यावं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली तिथल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आपल्याकडे १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यात नुसतं तोडणंच नाही, झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरलेलं आहे. फांद्या छाटायच्या तरी आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा, म्हणतात ते याचसाठी.

मशीन जिथे खुशाल चालवावं, अशी जागा म्हणजे गाजरगवताचा पट्टा. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे गवत आज आमच्या रेल्वेरुळांच्या कडेला आणि मोकळ्या प्लॉटवर ठाण मांडून आहे. एक झाड हजारोंनी बी टाकतं, म्हणून पांढरी फुलं दिसण्याआधी कापावं. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमही लागतो. फुल बाह्या, हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. गॉगल तर कुठेही हवा. भरावाच्या जमिनीत खडीच खडी. ती उडून डोळ्यात जाते, नाहीतर पार्किंगमधल्या गाडीच्या काचेवर बसते. मशीन चालू असताना पंधरा मीटरच्या आत माणूस नको. पोरं बघायला गोळा होतात, त्यांना आधी हाकलावं.

आणि टाकळा? तो कापून कचऱ्यात जाताना जीव हळहळतो. तीच पानं जुलैत भाजीवाल्या बायका जुड्या बांधून विकतात आणि आपण पैसे मोजून घेतो. (सोसायटीतला मात्र तोडून खाऊ नका, तिथे कोणी काय फवारलंय याचा नेम नाही.)

आता मशीनचं. दर जूनला तक्रार ठरलेली असते: गेल्या वर्षी चांगलं चालत होतं, आता दोरी ओढून खांदा निखळला तरी चालू होत नाही. बहुतेक वेळा दोष टाकीत राहिलेल्या जुन्या पेट्रोलचा. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. खाडीकाठच्या दमट हवेत महिनोन्महिने पडून राहिलेलं पेट्रोल बिघडतं, चिकट साका कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत बसतो, रबरी नळ्या आणि आतला पडदा कडक होतो. मग मेकॅनिक कार्ब्युरेटर खोलणार, आणि बिल येणार.

म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं. टू-स्ट्रोक मशीन असेल तर ऑइल मिसळलेलं पेट्रोल हवं तेवढंच बनवावं. प्रमाण मशीनच्या पुस्तकात असतं. १:५० म्हटलं असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. ‘‘अंदाजे टोपणभर’’ हे प्रमाण नव्हे. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर धूर आणि काळा प्लग. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल साधंच घालायचं, ऑइल वेगळं. हे दोन प्रकार एकाच माळ्याच्या हाती आलटून पालटून आले की घोटाळा होतो. टाकीच्या झाकणावर पेंटने ‘ऑइल मिक्स’ किंवा ‘साधं पेट्रोल’ असं मराठीत लिहून ठेवावं.

एमआयडीसीत दसऱ्याला यंत्रांची पूजा असते, त्याच दिवशी गवताच्या मशीनलाही झेंडूचा हार पडतो. टाकी त्याआधी रिकामी करून ठेवली तर बरं. तेव्हा एखादी सर उरलेली असते खरी, पण मागाहून उगवलेल्या गवताला विळा पुरतो. टू-स्ट्रोकचं उरलेलं ऑइलवालं पेट्रोल मात्र वॉचमनच्या स्कूटरमध्ये ओतू नका, दुसऱ्या कुणाच्या चालू मशीनमध्ये ते संपवून टाका.