लागलेली नोकरी

"लागलेली नोकरी काहून सोडून राहिला रे बाबू?" साकोलीला गेलो की काकांचा हाच प्रश्न. आयटीतली नोकरी सोडून एमएसला जातोय म्हणजे मी वेडाच!

गंमत म्हणजे काकांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. अहो काका, त्याच बाबासाहेबांनी १९२०मध्ये, साधारण माझ्याच वयाचे असताना, सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी सोडून लंडन गाठलं. घरी बायको-मुलगा, खिशात साठवलेले आणि उसने पैसे. १९२३मध्ये डीएस्सी झाले. १९५४च्या पोटनिवडणुकीत आपल्या भंडाऱ्यानेच त्यांना पाडलं. आता निदान त्यांचं ऐका तरी!

मी बाबासाहेब नाही, मान्य. कर्जाची भीती मलाही वाटते. पण फोटोला हार घालायचा आणि पोराला म्हणायचं 'गप नोकरी कर', हे कसं चालेल?