शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे मोल

नागपूर महानगरपालिकेने भांडेवाडीचे सांडपाणी, शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रात वापरण्यासाठी, महानिर्मिती कंपनीस देण्याचा करार केला, तेव्हा पेंच धरणाचे पाणी वाचण्याची सोय तर झालीच. पण ज्या मैलापाण्याचा निचरा हा आजवर निव्वळ खर्चाचा विषय होता, त्यापोटी पालिकेच्या खजिन्यात प्रतिवर्षी सुमारे १५ कोटी रुपये जमा होण्याची तजवीज झाली, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

या मार्गाने जाऊ पाहणाऱ्या इतर पालिकांनी दर ठरविताना एक विवेक अवश्य करावा. मैला निर्धोक करून मगच नदीत सोडणे हे नगराचे कायदेशीर कर्तव्य असल्यामुळे तेवढा खर्च मलनिस्सारण करातूनच भागला पाहिजे. परंतु त्यापुढील विशेष शुद्धीकरण, पंपांची वीज, कारखान्यापर्यंत पुरलेले नळ, त्यांचा घसारा आणि कर्जावरील व्याज हा सारा भार पाणी घेणाऱ्याकडून वसूल होणे न्याय्य आहे. कारखान्याने पाणी उचलले नाही तरी व्याज थांबत नाही. म्हणून किमान आकार करारातच नमूद हवा.

मात्र धरणाचे गोडे पाणी उद्योगांना या शुद्ध सांडपाण्याहून स्वस्त मिळत राहिले, तर हा हिशेब कागदावरच राहील. जलसंपदा खात्याने आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने, जिथे शुद्ध सांडपाणी उपलब्ध आहे तिथे, उद्योगांसाठी धरणाच्या पाण्याचा दर त्याहून चढा ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.