कार्यानुभवाचा तास

चौथीत असताना कार्यानुभवाच्या तासाला मी एक बैलगाडी करून नेली होती. आमचे आप्पा सुतार. त्यांच्या पायाशी पडलेल्या ढलप्यांतून ती केलेली. चाके धड गोल नव्हती, एक तर सारखे निसटे. पण गाडी चालत होती, आणि ती कुठे अडते हे बघून मी ती तीनदा मोडून पुन्हा जोडली होती. त्या दिवशी पहिला क्रमांक मिळाला तो बाजारातून आणलेल्या थर्माकोलच्या ताजमहालाला. मला गुरुजी एवढेच म्हणाले, "सुताराचं पोर, दुसरं काय करणार!" वर्ग हसला. मीही हसलो. (गाडी त्याच संध्याकाळी चुलीत गेली, हे आप्पांना मी अजून सांगितलेले नाही.)

आज मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. तेव्हा प्राथमिक शिक्षणावर मत देण्याचा मला कितपत अधिकार आहे, असे कोणी विचारील. पण त्या हसण्याचा अर्थ मला आता कोठे कळू लागला आहे. ज्यांच्या घरी रंधा, करवत, गुण्या होता त्यांच्या पिढ्यान् पिढ्या शाळेत गेल्या नाहीत. आणि जे शाळेत गेले त्यांनी रंधा हातात धरला नाही. त्यामुळे वस्तू घडवण्यामागे काही विचार असतो, ही गोष्टच आपल्या शाळेला ठाऊक नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम केला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) 'कार्यानुभव' सुचवला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे लांबलचक नाव दिले. नावे बदलली. आमच्या शाळेत मात्र तो तास शनिवारी शेवटचा होता, आणि गणिताचा भाग मागे राहिला की तोही गणिताला जाई.

यावर सर्वांत मोठा आक्षेप आमच्या आप्पांचाच आहे. मी हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "आरं, ह्ये शिकाया साळंत कशाला धाडायचं? ह्ये तर मी घरी बी शिकवीन की." त्यांचे चूक नाही. कष्टकऱ्याने पोराला शाळेत घातले ते त्याच्या हातून वाकस सुटावा म्हणून. शाळेने पुन्हा वाकसच दिला तर त्याला ती फसवणूक वाटणारच.

पण मी म्हणतो ते सुतारकाम शिकवणे नव्हे. एक उदाहरण देतो. आप्पा फळ्यांचे दार करतात तेव्हा मागून आडव्या पट्ट्यांवर एक तिरपी पट्टी मारतात. ती का, असे मी लहानपणी विचारले, तर उत्तर आले, "माझा बा मारायचा." उत्तर मला मिळाले ते अरविंद गुप्ता यांच्या काड्यापेटीच्या खेळात. १९७८ साली टेल्कोतून रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तेथे त्यांनी सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्या जोडून आकृती करण्याची युक्ती काढली. चार काड्यांचा चौकोन करा, बोटाने ढकला. तो शंकरपाळ्यासारखा कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण ढकला. तो हलत नाही. आता चौकोनात एक तिरपी काडी बसवा. दार तयार!

हे मी गेल्या दिवाळीत धाकट्या बहिणीला करून दाखवले. ती तिसरीत आहे. तिने लगेच विचारले, "मग आपली खाट का डगमगते?" आप्पा शेजारी बसून बघत होते. त्यांनी चौकोन स्वतःच्या बोटाने दोनदा ढकलून पाहिला आणि काही बोलले नाहीत. मग रात्री खाटेला पट्टी मारली.

गरज ओळखायची, आधी कागदावर काढायचे, मापायचे, करायचे, मोडले तर का मोडले ते शोधायचे — इंग्लंडमध्ये १९९० पासून पाच वर्षांच्या मुलालाही याचा स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने पिशवी, पवनचक्की आणि बाहुली या तीन वस्तूंवर शाळकरी मुलांसाठी असेच पाठ तयार केले. म्हणजे हे आपल्याला जमत नाही असे नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर न आणता सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावे असे म्हटले आहे. वाचून आनंद झाला, पण दप्तर घरी ठेवल्याशिवाय सुताराकडे जाता येत नाही, हे मला खटकते. त्या दहा दिवसांत वही-पट्टी तर सर्वांत आधी लागेल! आणि सहावीपर्यंत थांबायचे कशाला? तोवर मुलांना कोणाला हसायचे ते कळलेले असते.

दोन वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या, वर कागदपत्रे भरणाऱ्या गुरुजींवर आणखी एक विषय लादू नये, हे मला मान्य आहे. म्हणून सुरुवात आपणच का करू नये? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी सात दिवस आपण झाडलोट करतो, फेरी काढतो. यंदा त्यातले दोन तास गावच्या शाळेतल्या पोरांना द्यावेत, अशी माझी कार्यक्रम अधिकारी सरांना विनंती आहे. काड्यापेट्या सर्वांनी आणाव्यात. सायकलच्या दुकानातून वॉल्व्ह ट्यूब मी आणतो. आप्पाही यायला तयार आहेत, फक्त भाषण करायला लावू नका म्हणतात.