गोंदण टिपले, नाव राहिले

छंद म्हणून छायाचित्रे काढणारे तरुण आता गावोगावी झाले आहेत. पूर्वी फोटो काढायचा म्हणजे तालुक्याच्या स्टुडिओची पायरी चढावी लागे. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. या हौशी मंडळींपैकी काहींना गोंदलेल्या माणसांची व्यक्तिचित्रे काढण्याचे वेड लागले आहे. वाशिम जिल्ह्यात या वेडाला खाद्य भरपूर. कारंज्याच्या बाजारात, रिसोडच्या बसस्थानकावर, रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत गोंदलेली कपाळे आणि हात अजून दिसतात. छंद उत्तम आहे, आणि वेळेवर सुचलेला आहे. कारण अंगभर गोंदण वागवणारी पिढी आता थकली आहे. तरीही या छंदाविषयी एक तक्रार मांडणे भाग आहे. या फोटोंत गोंदण येते, पण माणूस येत नाही. आणि त्याचे नाव तर मुळीच येत नाही.

गोंदण म्हणजे काय, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. काजळी खलायची, दोनचार सुया एकत्र बांधायच्या आणि कातडीच्या वरच्या थराखाली रंग जाईल इतके टोचायचे. मुलगी लहान असे. घरातल्या बाया तिचे हातपाय धरून ठेवत, गोंदणारीण तिला बोलण्यात गुंतवी, आणि शेवटी वरून हळद लावली जाई. कपाळावर चंद्रकोर, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस किंवा विंचू. “मेल्यावर सोनंनाणं इथंच राहते, संगं येते ते गोंदन,” असे जुन्या बाया सांगतात. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही अशी रीत पाळणाऱ्या कितीतरी जणींच्या हातावर तेच नाव गोंदलेले असते. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या अंगावरची ती एकुलती एक अक्षरे! आणि आपण काय करतो? त्या हाताचा फोटो काढतो आणि खाली लिहितो, ‘ग्रामीण स्त्री’ किंवा ‘बंजारा वृद्धा’. हातावर नाव वागवणाऱ्या बाईला आपण बिननावाची करून टाकतो.

ही खोड आजची नाही. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड छापले. हिंदुस्थानातील नाना जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे त्यांत आहेत आणि बहुतेक चित्रांखाली माणसाऐवजी त्याच्या जातीचे वा जमातीचे नाव आहे. माणूस म्हणजे जमातीचा नमुना, ही त्यामागची दृष्टी. हे खंड निघत असतानाच, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा हा कायदा १९५२ साली रद्द झाला; महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. माणसाचे नाव न विचारता त्याच्या जमातीची नोंद करण्याने काय होते, हे आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांना कोणी शिकवायला नको.

न्यूझीलंडमधले एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. एकोणिसाव्या शतकातील ओल्या काचेवरच्या छायाचित्रणाला निळा प्रकाश फार तीव्रतेने जाणवे. त्यामुळे माओरी लोकांच्या चेहऱ्यावरचे निळसर गोंदण फोटोत फिके पडे, कधी नाहीसेच होई. मायकेल ब्रॅडली या छायाचित्रकाराने अलीकडे ‘पुआकी’ या प्रकल्पात एकेका माओरी व्यक्तीची दोन छायाचित्रे शेजारी ठेवली. एक जुन्या पद्धतीचे, गोंदण पुसून टाकणारे. दुसरे डिजिटल, गोंदण दाखवणारे. त्या काळी यंत्र माणूस ठेवी आणि गोंदण पुसून टाकी. आपल्याकडे आता उलटा प्रकार चालला आहे. यंत्र बारीक ठिपकाही टिपते, माणूस मात्र आपणच पुसतो.

यावर आमचे कलावंत मित्र म्हणतील, ‘विचारायला गेले की चेहरा आखडतो, सहजपणा जातो.’ आखडू द्या. परक्या माणसासमोर आखडणे हाही सहजपणाच आहे. घडीभर ओसरीवर बसावे, चहा घ्यावा, तिची विचारपूस करावी. चेहरा आपोआप सैल होतो. शिवाय व्यक्तिचित्र म्हणजे चोरून मारलेली टिपण नव्हे. ज्या मुलीला सुई लावताना कोणी विचारले नव्हते, तिला साठ वर्षांनी फोटो काढताना तरी कोणी विचारावे की नाही?

दुसरे कोणी म्हणतील, ‘कला लोप पावते आहे, नक्षी नोंदली गेली की झाले.’ नक्षी हवीच, पण ती कोणी गोंदली, केव्हा, कशासाठी, हे ती बाईच सांगणार. ते न ऐकता काढलेला फोटो म्हणजे मजकूर हरवलेल्या पत्राचे पाकीट. आणि एक गोष्ट विसरू नये. गावात गोंदणावरून जात ओळखण्याची सवय जुनी आहे. शिकल्यासवरल्या लेकीसुनांत वावरताना काहीजणी पदराने हात झाकतात. तो हात जगाला दाखवायचा की नाही, हे ठरवणारी तीच. मोबाइलवरून एकदा गेलेला फोटो परत बोलावता येत नाही.

छंद जोपासणाऱ्यांनी नव्या गोंदणाकडेही पाठ फिरवू नये. आजीच्या हातावर तुळस आणि नातवाच्या दंडावर यंत्राने काढलेली बाबासाहेबांची सही, असे कितीतरी घरांत आहे. तिला धरून बसवले होते. तो पैसे मोजून स्वतः बसला. दोघांना एका चौकटीत बसवा. दोन पिढ्यांमधले अंतर त्यात दिसेल.

आता कामाच्या चार गोष्टी. दुपारच्या उन्हात आणि फ्लॅशच्या झोतात सावळ्या कातडीवरचे जुने गोंदण हरवते; सकाळी ओसरीच्या सावलीत ते नीट दिसते. चेहरा सोडून नुसता हात काढू नका. तांड्यावर गेलात तर आधी नायकाला भेटा, म्हातारीला ‘याडी’ म्हणून हाक मारा आणि ती ‘नको’ म्हणाली तर कॅमेरा पिशवीत घाला. होय म्हणाली, तर नाव, गाव, गोंदण केव्हाचे, कोणाकडून, हे तिच्याच बोलीत वहीत उतरवा. नाव छापायचे की नाही, हेही तिलाच विचारा. आणि कागदावर छापलेली एक प्रत तिच्या हातात नेऊन द्या. पुष्कळ घरांत म्हाताऱ्या माणसाचा धड फोटो नसतो. तो गेल्यावर मग आधारकार्डावरचे चित्र मोठे करून त्याला हार घालतात.

पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. समाजाचा इतिहास तेथे मांडला आहे. पण तांड्यातल्या एकेका याडीचे नाव आणि तिच्या गोंदणाची हकिकत नोंदवणे हे काम कोणत्याही इमारतीचे नाही. वही आणि कॅमेरा घेऊन घरोघर जाणाऱ्याचे आहे. आपल्या महाविद्यालयातल्या प्रत्येक छंदिष्टाने या वर्षी फक्त आपल्या घरची किंवा शेजारची एक आजी निवडावी. एकच फोटो, पण त्याखाली तिने सांगितलेले, तिला मान्य असलेले नाव. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.