दीड तासात मोटार

घरातल्या कामांसंबंधी या सदरात आजवर पुष्कळ लिहून झाले. परंतु दारात उभ्या असलेल्या मोटारीकडे आपले लक्ष गेले नाही. मोटार ही बाजारातून घडून आलेली वस्तू, तिची देखभाल मिस्त्रीने करावी, अशीच आपली समजूत असते. एके काळी माझीही होती. गेल्या महिन्यात दोन दिवसांसाठी जबलपूरला माहेरी गेले असता ती मोडली. त्या सकाळी जे शिकले ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा विचार आहे.

आमचे घर ओमतीत. ओमती हे नाव नाल्याचेही आहे आणि मोहल्ल्याचेही. बोळ असा की समोरच्या माडीवरून हात लांब केला तर आमच्या सज्जातले वाळवण काढून घेता येईल. या बोळात १९९६ सालापासून एक लाल मारुती ८०० उभी असते. बाबांची सारी नोकरी गन कॅरेज फॅक्टरीच्या तपासणी विभागात झाली, आणि ती मोटार हीच त्यांच्या बचतीतून आलेली पहिली मोठी वस्तू. २२ मे १९९७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी जबलपूरला भूकंप झाला, तेव्हा मी आठ वर्षांची होते. घराच्या भिंतीला तडा गेला, छपरावरचे एक कवेलू निसटून मोटारीच्या टपावर पडले आणि तेथे बशीएवढा खोलगा झाला. पुढच्या तीन रात्री आम्ही चौघे त्या मोटारीतच झोपलो. खोलगा बाबांनी कधी काढून घेतला नाही.

आता बाबांना काचबिंदू आहे. बाजूचे दिसेनासे झाले तसे त्यांनी स्वतःहूनच चालवणे सोडले. मोटार माझा भाऊ चालवतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करवून ती वाढवून घ्यावी लागते. ती तपासणी सोमवारी होती, आणि रविवारच्या संध्याकाळी माझी दिल्लीची आगगाडी. तपासणारा माणूस ब्रेक, दिवे आणि नंबराची पाटी पाहतो, चकाकी पाहत नाही, हे बाबांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक. तरीही शनिवारी रात्री जेवताना ते म्हणाले, “अशी मळकी घेऊन जायची का ती?”

मी गप्प बसले, कारण मागच्या दिवाळीला तीच मोटार मी धुतली होती. भांडी घासायची पावडर आणि काथ्या घेऊन बॉनेट घासले. धूळ गेली, पण वाळल्यावर त्या जागी लाल रंगाचा गुलाबी झाला. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी तळहात त्या जागेवरून एकदा फिरवला आणि आत जाऊन वर्तमानपत्र वाचू लागले. वर्तमानपत्र उलटे नव्हते, एवढेच काय ते समाधान.

झाले काय होते ते आता नीट कळते. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. गारगोटी पोलादी सुरीइतकी किंवा तिच्याहून कठीण; तिच्यापुढे रंगाचा थर कोठला टिकायला? सबंध रंगाची जाडी अस्तरासकट साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे चांगल्या कागदाच्या एका पानाएवढी. कोरड्या फडक्याने मोटार पुसणे म्हणजे त्या पानावर वाळू घोळवणेच होय. रोज सकाळी कोरडा कपडा मारून मोटार ‘चकाचक’ ठेवणारे पुष्कळ लोक आपण पाहतो. त्यांच्या मोटारीवर दुपारच्या उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या याच कपड्याच्या. भांड्यांच्या पावडरीत तर घासण्यासाठीच भुकटी घातलेली असते. तिच्याकडून वेगळी अपेक्षा ठेवणारी मीच वेडी.

रविवारी साडेसहाला नळ आला. आमच्या बोळात ऊन आठच्या सुमारास समोरच्या कठड्यावरून उतरते. म्हणजे हाती दीड तास. ही मर्यादा केवळ सोयीची नव्हे. तापलेल्या पत्र्यावर साबण धुण्याआधीच वाळतो आणि मेण पसरण्याआधीच चिकटते. पत्रा हाताच्या पाठीला गार लागला पाहिजे, हीच खरी परीक्षा. जबलपूरच्या मे महिन्यात ती सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर बऱ्याच वेळानेच उतरते.

बादल्या दोन घ्याव्या, आणि चाकांसाठी तिसरी जुनी. एका बादलीत मोटारीचा शाम्पू, बाटलीवर सांगितला असेल तेवढाच. दुसरीत नुसते पाणी. शाम्पूत बुडवलेले फडके एक भाग पुसून झाला की आधी नुसत्या पाण्यात खळबळावे, पिळावे, मगच पुन्हा शाम्पूत घालावे. असे केल्याने काढलेली धूळ पुन्हा मोटारीवर जात नाही. हे इतके साधे आहे की लिहिताना संकोच वाटतो; पण मी तीस वर्षांत कोणालाही असे करताना पाहिले नव्हते. आपल्याकडे एकच बादली, आणि शेवटी तिच्यात नर्मदेच्या पुरासारखे गढूळ पाणी.

चाके प्रथम धुवावी, कारण तेथे ब्रेकच्या घर्षणातून निघालेली लोखंडी भुकटी असते. तिचे शिंतोडे धुतलेल्या दारावर उडाले तर काम दुप्पट. चाकांचे फडके चाकांनाच. त्यानंतर सबंध मोटारीवर नुसते पाणी ओतून धूळ सैल होऊ द्यावी, आणि मग टपापासून खाली येत, सरळ रेषेत, हलक्या हाताने पुसावे. दाराचा खालचा हात सर्वांत शेवटी, कारण चिखल तेथेच असतो. हातातून फडके जमिनीवर पडले तर ते त्या दिवसापुरते संपले असे समजावे. माझे एक पडले. उचलून झटकले, तेवढ्यात ओट्यावरून बाबांचा आवाज आला, “ते बाजूला ठेव.” त्यांना फडके दिसले नव्हते. पडल्याचा ओला आवाज त्यांनी ऐकला होता.

पाणी किती लागते, हा प्रश्न आजकाल विचारलाच पाहिजे. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरला टंचाई इतकी झाली की पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरला. जबलपूरला नर्मदा आहे, परियट आणि खंदारीचे तलाव आहेत. म्हणून नळाला रबरी नळी लावून ती बोळात वाहती सोडावी असे नाही. छोट्या मोटारीला पाच बादल्या पुरल्या. त्यांतली शेवटची तर अर्धी उरली, ती काकूंच्या तुळशीला गेली. शाम्पूचे पाणी मात्र गटारातूनच वाहिले, आणि ओमतीतले गटार कोठे जाते ते सांगायला नको.

धुण्यापेक्षा पुसण्याला घाई अधिक करावी लागते. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार, पाणी उडून गेले की पांढरी कडी होऊन मागे राहतात. भेडाघाटचा जो संगमरवर पाहायला आपण चांदण्यात नावेतून जातो, तोही याच दोन द्रव्यांच्या कार्बोनेटांचा. तेथे त्याचे कौतुक होते. लाल बॉनेटवर त्याची ठिपक्याठिपक्यांची नक्षी कोणालाही नको असते. ताज्या डागांना पांढरा व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून ओल्या फडक्याने लावावा आणि लगेच धुऊन टाकावा. जुने डाग रंगात रुतून बसतात, ते असे निघत नाहीत. पुसण्यासाठी मायक्रोफायबरचे जाड फडके चांगले. पंचा चालतो, पण त्याची किनार आणि शिवण रंगाला लागू देऊ नये.

येथपर्यंत पाऊण तास गेला होता. बाबा उठून आले. त्यांनी पावाची रिकामी पातळ पिशवी हातात घातली आणि टपावरून हात फिरवला. “अजून खरखरीत आहे.” मी नुसत्या हाताने पाहिले, मला काहीच लागले नाही. पिशवी घालून पाहिले, तेव्हा मात्र रव्यासारखे कण बोटांना स्पष्ट जाणवले. पातळ प्लास्टिकमुळे त्वचेचे घर्षण कमी होते आणि बारीक उंचवटे कळतात. फॅक्टरीत ते असेच काही करीत का, हे मी विचारले नाही. हे कण धुतल्याने जात नाहीत. त्यांना वेगळी चिकणमातीसारखी वडी मिळते, ती पाणी मारून रंगावरून फिरवायची. तेवढा वेळ नव्हता. ते तसेच ठेवायचे, असे मी ठरवले आणि बाबांनी मानले.

आता मेणाविषयी. मेण म्हटले की आपल्याला मधमाशीचे मऊ मेण आठवते. ते साधारण त्रेसष्ट अंशांना वितळते. मोटारीच्या मेणात जे मोलाचे असते ते कार्नोबा नावाचे, ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाचे. कोरड्या हवेत पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड आपल्या पानांवर हा थर चढवते. पाने कापून वाळवतात आणि झोडपून मेण काढतात. ते ब्याऐंशी अंशांच्या पुढे वितळते आणि इतके कठीण असते की तेल व द्रावक मिसळल्याखेरीज लावताच येत नाही. डबी उघडल्यावर येणारा उग्र वास त्या द्रावकाचा. मुलांच्या चॉकलेटच्या गोळ्यांवरची चकाकीही पुष्कळदा याच कार्नोब्याची असते, हे वाचून मला उगीचच बरे वाटले.

मेण आणि पॉलिश यांत घोटाळा करू नये. पॉलिश किंवा गॅरेजवाल्याचे रबिंग हे रंगाचा वरचा विटका थर खरवडून खालचा ताजा थर दाखवते, म्हणून प्रत्येक वेळी रंग पातळ होतो. मेण काहीच काढत नाही. ते वर बसते, पाणी झटकते आणि पाखरांची विष्ठा रंगाला भिडण्याआधी थोडा अवधी देते. ओरखडे त्याने जात नाहीत. हल्लीच्या मोटारींना रंगावर पारदर्शक थर असतो, त्यामुळे पॉलिशच्या फडक्यावर रंग उतरत नाही. आमच्या मोटारीला तसा थर नसावा, कारण बॉनेटच्या त्या गुलाबी जागेवर मी किंचित पॉलिश लावून पाहिले तेव्हा फडके कुंकवासारखे लाल झाले. हात आखडला. पण चार-पाच फेऱ्यांनंतर खालून मूळ लाल दिसू लागला, आणि तेथेच थांबले. जागा अजून ओळखू येते. शोधणाऱ्याला.

उरली होती जेमतेम पंचवीस मिनिटे. घरगुती कामात सगळे थोडे थोडे करण्यापेक्षा नेमके काही सोडून देणे मला नेहमीच कठीण जाते. पण ऊन, दव, विष्ठा, कडुनिंबाची गळ हे सारे पडते ते आडव्या पत्र्यावर. म्हणून टप, बॉनेट आणि डिकी एवढ्यांनाच मेण लावायचे आणि दारे वेळ उरल्यास, असे ठरवले. बोटभर मेण ओलसर स्पंजावर घेऊन इतके पातळ पसरावे की लावले की नाही असा संशय यावा. जाड लावणे हा काटकसरीच्या घरातही होणारा अपव्यय. जास्तीचे सारे पुसूनच टाकायचे असते, आणि पुसताना दम लागतो. मेण धुरकट झाले की बोटाने एक रेघ ओढावी. रेघ स्वच्छ उमटली तर पुसावे, माखली तर थांबावे. काळ्या रबराला आणि प्लास्टिकच्या कडांना मेण लागू देऊ नये, पांढरे डाग राहतात. ज्यांना एवढाही वेळ नाही त्यांनी फवारायचे मेण ओल्या मोटारीवर मारून पुसावे. ते टिकते कमी, पण दहा मिनिटांत होते, आणि न लावण्यापेक्षा पुष्कळच बरे. डबीतले मेणही आमच्या उन्हात दोन महिन्यांपलीकडे टिकेल असे मी म्हणणार नाही.

टपावर पोचले तेव्हा मध्ये तो खोलगा आला. स्पंज त्यात नीट बसेना, म्हणून बोटानेच मेण लावले. कड्याला रंग उडून अस्तर दिसत होते. तेथे गंज धरला नव्हता. एकोणतीस पावसाळ्यांत तेथे गंज का धरला नाही, याचे उत्तर बाबांनी सहज दिले. दर वर्षी मृगाच्या आधी ते स्वतः स्टुलावर चढून तेवढ्या जागेला मेण लावीत. “गेली दोन वर्षे राहून गेले,” ते म्हणाले. मी खोलगा पुसून त्यांचा हात धरून तेथे नेला. पिशवी न घालता त्यांनी बोटे आत फिरवली, कडेने एक वेढा घेतला, आणि पुढे बॉनेटवर येऊन माझ्या दिवाळीच्या जागेवर थांबले. मी काही विचारले नाही. ते म्हणाले, “डिकी राहिली ना?”

डिकी झाली. उजवे दार झाले. डाव्या दाराला मेण लावायला घेतले तोच समोरच्या कठड्यावरून ऊन उतरून थेट पत्र्यावर आले आणि स्पंज अडखळू लागला. मी डबी बंद केली.

“एक दार राहिले, बाबा.”

“राहू दे,” ते म्हणाले. “ती बाजू भिंतीकडेच असते.”