छंदाचे मोल आणि श्रमाची मजुरी

शहरांतील सुशिक्षित मध्यमवर्गात गेल्या काही वर्षांत हस्तकलांची हौस नव्याने वाढीस लागली आहे. २०२० सालच्या साथीने घरांची दारे बंद केली, तेव्हा अनेकांच्या हाती सुया, लोकर आणि लाकडी चौकटी आल्या. साथ ओसरली, पण ही सारी साधने काही माळ्यावर गेली नाहीत. या नव्या हौशींपैकी 'पंच नीडल' आणि तिची थोरली बहीण 'रग हुकिंग' या दोन कलांचा विचार येथे करावयाचा आहे. भरतकामाची चर्चा या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. परंतु या कलेचा दीडशे वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी श्रमाच्या किमतीचा इतिहास आहे. आणि 'छंदातून घरबसल्या कमवा' असा उपदेश गृहिणींना उठल्यासुटल्या केला जात असताना तो ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

प्रथम कृती थोडक्यात सांगितली पाहिजे. रग हुकिंगमध्ये जाड, विरळ विणीचे कापड चौकटीवर ताणून बसवितात. लोकरीची किंवा चिंधीची पट्टी डाव्या हाताने कापडाखाली धरावयाची आणि उजव्या हातातील आकडीने ती छिद्रांतून वर ओढून एकेक वळसा काढावयाचा. टर्किश टॉवेलवर दिसतात तसेच हे वळसे, फक्त अधिक जाड. पंच नीडलमध्ये हेच काम उलट बाजूने होते. पोकळ सुईत ओवलेला धागा कापडाच्या पाठीकडून आत खुपसला जातो आणि वळसा सुलट बाजूस उभा राहतो. दोन्हींत गाठ कोठेच नसते. शेजारशेजारचे वळसे आणि कापडाचे धागे एकमेकांस दाबून धरतात, त्यावरच सारी वीण टिकते. मात्र एक टोक ओढले, तर पाहता पाहता ओळ उसवते. शिकावयास सोपी, वेळ मात्र भरपूर खाणारी अशी ही कला आहे, आणि तिचे सारे अर्थशास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे.

गोणीची दूरची सफर

रग हुकिंगची खरी वाढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर आणि कॅनडाच्या अटलांटिक प्रांतांत. या वाढीचा एक धागा थेट आपल्या देशापर्यंत पोहोचतो. बंगालचा ताग स्कॉटलंडमधील डंडीच्या गिरण्यांत जाऊ लागला. पुढे १८५५ साली हुगळीकाठच्या रिश्रा येथे तागाची गिरणी उभी राहिली आणि तागाची पोती जगभर फिरू लागली. इंग्रजीतील 'गनी' हा शब्ददेखील आपल्या 'गोणी'चेच रूप होय. धान्याचे रिकामे पोते उसवले की अमेरिकेतील शेतकऱ्याच्या बायकोस हवे तसे विरळ विणीचे मजबूत कापड फुकट मिळे. घरातील जीर्ण लोकरी कपड्यांच्या पट्ट्या कापून ती त्यावर फुले, घोडे, गलबते उठवी. थंड फरशीवर अंथरण्यास काहीतरी हवे आणि विकत घेण्याची ऐपत नाही, या अडचणीतून ही कला फोफावली. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी ज्या न्यायाने जन्मास आली, तोच हा न्याय.

तेव्हा हा छंद नव्हता आणि व्यापारही नव्हता. व्यापार त्यात शिरला तो नमुन्यांच्या वाटेने. मेन राज्यातील बिडफर्ड येथील एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट हा यादवी युद्धातून परतलेला सैनिक, धंद्याने भांड्यांचा फेरीवाला. १८६८ सालाच्या सुमारास त्याने धातूच्या पत्र्यातून साचे कापून गोणपाटावर नक्षी छापण्यास आरंभ केला. ते छापील तुकडे दारोदार खपले. चित्रे काढण्याचा धीर नसलेल्या असंख्य स्त्रियांसाठी त्याने ही कला सोपी केली, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु घरोघर तेच सिंह आणि तेच पुष्पगुच्छ दिसू लागले, हेही तितकेच खरे. आज नक्षी, लोकर आणि सुई एका खोक्यात घालून जो संच विकला जातो, तो फ्रॉस्टच्या साच्याचा वंशज होय. गंमत अशी की, जी कला टाकाऊ वस्तूंतून निघाली, तिच्यासाठी आता कच्चा माल विकत घ्यावा लागतो.

उपकार आणि मोबदला

पुढचा अध्याय अधिक बोलका आहे. इंग्रज डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेल हे १८९२ साली न्यूफाउंडलंड आणि लॅब्रॅडोरच्या किनाऱ्यावर वैद्यकीय सेवेसाठी गेले. तेथील कोळी कुटुंबे व्यापाऱ्यांच्या उधारीत आकंठ बुडालेली होती. वसंत ऋतूत जाळी आणि शिधा उधार घ्यावयाचा, शरदात मासळी व्यापाऱ्याच्या पदरी घालावयाची, आणि भाव तो सांगेल तो. रोख पैसा हाती क्वचितच पडे. सावकारी पाशाची ही रीत मराठी वाचकास निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. १९०६ साली जेसी लूथर ही अमेरिकन शिक्षिका सेंट अँथनी येथे आली आणि तेथे हस्तोद्योगांचा विभाग सुरू झाला. हिवाळ्यात बायका पूर्वापार रग करीतच असत. संस्थेने त्यांना आखलेले कापड आणि कापलेल्या पट्ट्या पुरविल्या. बर्फातील कुत्र्यांच्या गाड्या, अस्वले, हंसांचे थवे या विषयांवरील ते नाजूक रग अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये विकले जाऊ लागले. १९२० नंतरच्या दशकात फाटलेले रेशमी मोजे लॅब्रॅडोरला पाठवा, अशी आवाहने निघाली, आणि श्रीमंत स्त्रियांचे मोजे कोळिणींच्या हातून पुन्हा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात परतले. पुढे जागतिक मंदीने या धंद्याचा कणा मोडला.

या उपक्रमाने अनेक घरांतील मुलांच्या अंगावर हिवाळ्यात उबदार कपडे आले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु मोबदला पुष्कळदा रोख नव्हे, तर कपड्यांच्या रूपाने मिळे. नक्षी आणि दर ठरविण्याचा अधिकार संस्थेकडे राही. आज तेच रग संग्राहक मोठ्या किमती देऊन घेतात. ती वाढीव किंमत ज्यांच्या बोटांनी निर्माण केली, त्यांची नावे बहुतेक रगांवर नाहीत.

कॅनडातील केप ब्रेटन बेटावरच्या शेतिकाँ या फ्रेंच भाषिक गावी हाच प्रश्न उघडपणे पेटला. त्या मुलखात फेरीवाले नवे लिनोलियम देऊन त्याच्या बदल्यात जुने रग घेऊन जात. लिलियन बर्क या अमेरिकन कलावतीने १९२० नंतरच्या दशकात तेथील स्त्रियांना बारीक लोकर, सौम्य रंग आणि नवे आराखडे दिले. रग न्यूयॉर्कमध्ये विकले जाऊ लागले आणि कामाचा मोबदला चौरस फुटावर दिला जाऊ लागला. अमेरिकेतील विक्रीची किंमत आणि आपल्या हाती पडणारी रक्कम यांतील अंतर लक्षात आल्यावर १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास काही स्त्रिया वेगळ्या झाल्या आणि गावात येणाऱ्या प्रवाशांना थेट माल विकू लागल्या. पुढे तेथे कारागिरांची सहकारी संस्था उभी राहिली. त्याच गावातील एलिझाबेथ लफॉर हिने लोकरीतून राष्ट्राध्यक्षांची आणि राणीची व्यक्तिचित्रे घडविली. गावच्या संग्रहालयात तिची कामे आदराने मांडलेली आहेत. बर्कबाईंचे कलाज्ञान मोलाचे होते, यात शंका नाही. परंतु वस्तू शेवटी कितीला विकली गेली, हे करणारीला कळणे, हा त्या गावाच्या उन्नतीतील निर्णायक क्षण होता.

हौशीचा भाव आणि गरजूची मजुरी

या इतिहासाचा आजच्या छंदाशी संबंध काय? अर्थशास्त्रज्ञ बौमोल आणि बोवेन यांनी १९६६ साली नाट्यसंगीतादी कलांच्या संदर्भात एक नियम मांडला. यंत्राने अन्य उद्योगांत दर माणशी उत्पादन वाढते, त्याबरोबर मजुरीही वाढते. परंतु चौघांनी वाजवावयाची रचना आजही चौघांनाच आणि तेवढाच वेळ वाजवावी लागते. म्हणून कला उत्तरोत्तर महाग होते. रगाच्या वळशांनाही हाच नियम लागू आहे. यंत्राचा गालिचा दिवसेंदिवस स्वस्त होतो; हाताचा रग मात्र १८७० साली जेवढा वेळ घेई, जवळजवळ तेवढाच आजही घेतो.

आता एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एक फूट लांबरुंद तुकड्यास दहा तास लागले आणि कापड-लोकरीचा खर्च ३०० रुपये आला. तो ६०० रुपयांस विकला, तर तासाला ३० रुपये पडले. पण ज्या बाईंना हे काम विरंगुळा आहे, त्या म्हणतात, 'लोकरीचे पैसे सुटले, वर शंभर मिळाले, पुष्कळ झाले.' त्या ४०० रुपयांस विकतात. त्यांच्या दृष्टीने यात तोटा नाही, कारण दहा तासांचा आनंद त्यांना आधीच मिळालेला आहे. परंतु त्याच बाजारात जी स्त्री पोटासाठी हे काम करते, तिलाही मग ४०० रुपयांवर यावे लागते, आणि तिची मजुरी तासाला १० रुपयांवर उतरते. हौशी विक्रेतीचा औदार्याचा भाव गरजू कारागिरिणीची मजुरी खातो. यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही. म्हणूनच हा अन्याय कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

काही न मिळण्यापेक्षा थोडे मिळाले तर बिघडले कोठे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. स्वतःच्या हातचे चार पैसे स्त्रीस घरात किती बळ देतात, हे प्रस्तुत लेखकासही मान्य आहे. पण हाच युक्तिवाद एके काळी खादीच्या बाबतीतही केला जात असे. सूत कातणे हा फावल्या वेळचा उद्योग, तेव्हा मिळेल ते पदरात पाडून घ्यावे, असे कित्येकांचे म्हणणे होते. १९२५ साली अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला, आणि १९३५ साली गांधीजींनीच असा आग्रह धरला की, खादी महाग झाली तरी चालेल, पण कातणारीस निर्वाहापुरती मजुरी मिळाली पाहिजे. फावल्या वेळालाही मोल असते, हे तत्त्व त्यामागे होते. आजच्या बचत गटांच्या प्रशिक्षणात टाके शिकविले जातात. तासांचा हिशेब आणि किंमत ठरविण्याचे शास्त्र त्याच निष्ठेने शिकविले पाहिजे. माल घेणाऱ्या संस्थेने आपला विक्रीभाव करणारीस सांगितला पाहिजे. शेतिकाँचा धडा याहून वेगळा नाही.

मग छंदाचे काय? छंदाने छंदच राहावे, आणि त्याबद्दल त्याने कोणाची क्षमा मागू नये. केन्सने १९३० साली भाकीत केले होते की, नातवंडांच्या काळात आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेल आणि फुरसतीचे करावयाचे काय हाच माणसापुढचा प्रश्न असेल. निदान भारतीय स्त्रीच्या बाबतीत हे भाकीत फार दूर राहिले आहे. सरकारच्या २०१९ सालच्या कालविनियोग पाहणीनुसार घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या. अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. या विषम वाटणीतून उरलेला अर्धा तास जर एखादी स्त्री सुई आणि लोकर घेऊन बसली, तर तिला 'यातून मिळते काय?' असे विचारले जाते. पत्त्यांचा डाव किंवा क्रिकेटचा सामना यांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. पुरुषाची फुरसत स्वयंसिद्ध, स्त्रीच्या फुरसतीने मात्र उत्पन्न दाखवून आपले समर्थन करावे, ही अपेक्षाच मुळात तपासून पाहण्याजोगी आहे.

तेव्हा दोन वह्या वेगळ्या ठेवणे, हेच शहाणपणाचे आहे. छंदाच्या वहीत नफातोटा लिहू नये. केलेले काम घरात अंथरावे, लेकीसुनांना, स्नेह्यांना द्यावे. छापील नक्षी सोडून एकदा तरी आपल्या अंगणातील जास्वंद स्वतः काढून पाहावी. परंतु वस्तू ज्या क्षणी बाजारात मांडली, त्या क्षणी दुसरी वही उघडावी आणि तीत लोकरीइतकेच तासही लिहावेत. ग्राहकानेही स्वस्त हस्तकला पाहून हरखण्याआधी, ही किंमत कोणाच्या तासांतून वजा झाली, हे स्वतःस विचारावे. 'हौसेचे काम' हा गोड शब्द मजुरी चुकविण्याची सबब होऊ नये, आणि 'उत्पन्नाचे साधन' हा भारदस्त शब्द स्त्रीच्या वाट्याचा अर्धा तास गिळंकृत करण्याचे निमित्त होऊ नये.