थेंब आधी पानावर, मग पडद्यावर

'अळवावरचं पाणी' आपण मराठीच्या तासाला शिकवतो आणि पृष्ठताण विज्ञानाच्या. गोष्ट एकच आहे, हे मुलांना कोण सांगणार?

आता थेंबांचे संगणकावर तयार केलेले सुंदर व्हिडिओ स्मार्ट बोर्डवर मिळतात. मीही दाखवले. एका मुलीने विचारलं, "सर, थेंब गोल राहणार की पसरणार, हे कम्प्युटरला कसं कळलं?" मला उत्तर आलं नाही. घरी जाऊन वाचावं लागलं.

उत्तर असं, की त्याला कळत नाही, आपण सांगतो. पाणी पृष्ठभागाला टेकतं तिथे पाण्याच्या आतून मोजलेला कोन म्हणजे स्पर्शकोन. थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये त्याचा विचार मांडला. स्वच्छ काचेवर हा कोन शून्याजवळ, कमळाच्या पानावर १५० अंशांहून जास्त. प्रोग्राम पाण्याचे बारीक चौकोन पाडून प्रत्येकाचा हिशेब करतो, पण काठावरचा कोन बहुतेक वेळा प्रयोगात मोजूनच भरावा लागतो. गंमत म्हणजे, 'भिंतीला लागलेला द्रव हलत नाही' हा नेहमीचा नियम तंतोतंत लावला, तर थेंबाचा काठ सरकवायला अनंत बल लागतं! हे ह आणि स्क्रिव्हन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. म्हणून काठाजवळ पाण्याला जरासं घसरू द्यावं लागतं.

व्हिडिओ नकोच असं माझं म्हणणं नाही. क्रम उलटा झालाय. मुलं व्याख्या धडाधड म्हणतात, पण थेंबाकडे वाकून पाहिलेलं नसतं.

मार्कंड्याला सहल नेतोच आपण. देवळं पाहून झाली की वैनगंगेच्या काठी बसा. सोबत ड्रॉपर, अळूचं पान, तेल लावलेली थाळी. दगड काठावरचा सुटा घ्या, देवळाच्या दगडाला हात नको. थेंब छोटा टाका. दोन-तीन मिलिमीटरहून मोठा झाला की वजनाने चपटा होतो. थेंबाच्या पातळीवरून आडवा फोटो काढा, शाळेत छापून कोनमापक लावा. मग अळूचं पान अंगठ्याने चांगलं चोळून पुन्हा थेंब टाका. मेणाचा थर गेला की थेंबाचा तोरा उतरतो.

त्या मुलीने अळूवर १४५ अंश मोजले, तिच्या शेजारच्याने त्याच फोटोवर १३०. दोघं अजून भांडताहेत. मी निकाल दिलेला नाही, नवा फोटो काढायला सांगितलाय.